जानोबाईची मूठ

जानोबाई, तुला दोघांनी फसवलं. प्रकल्पाच्या कार्यालयानं तुझा सल्ला घेतला आणि पुस्तकात तुझ्या फोटोखाली 'लाभार्थी महिला' असं छापलं. आणि तू जेव्हा विचारलंस, 'कमला, फोटोखाली काय लिहिलं हाय?' तेव्हा मी तो शब्द वाचून दाखवला नाही. मनानंच दुसरा सांगितला. कोणी कोणाला फसवलं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला रडकी बाई समजून सोडून देणार नाही. मी रडत नाहीये. मी चिडले आहे, आणि तुझा मला अभिमान आहे. या दोन्ही गोष्टी माझ्यात नेहमीच एका वेळी असतात, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तू गेलीस त्याला बारा दिवस झाले. तुझ्या मोहाच्या झाडाखालचा पाचोळा अजून कोणी झाडलेला नाही. पंधरवड्यात फुलं पडायला लागतील.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी तेव्हा एक तराजू आणि दोन रिकामी पोती घेऊन एटापल्लीकडच्या आठवडी बाजारात नुकतीच बसायला लागले होते. नवऱ्याचं घर सुटलं होतं. माहेर ब्रह्मपुरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. तिथं परत जायचं नाही असं ठरवूनच निघाले होते. जंगलातला माल मला कळत नव्हता, पण समोरच्याचा चेहरा कळत होता. भाव पाडायचा तर आधी मालात खोट काढायची, हे मी दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे बघून शिकले. तू मोहफुलांची टोपली पुढ्यात ठेवलीस आणि मी फुलांकडे न बघताच म्हणाले, "बाई, माल ओला हाय."

तू टोपलीतली मूठभर फुलं उचललीस, माझा हात ओढलास, ती माझ्या तळव्यावर ठेवलीस आणि माझी बोटं मिटवलीस.

"दाब."

मी दाबलं.

"आता उघड."

हात उघडला तशी फुलं एकमेकांपासून सुटली. एकही चिकटलं नाही, गोळा झाला नाही.

"मंग ओलं का हाय वो," तू म्हणालीस, "माल का तुई जीभ?"

सगळा बाजार हसला. शेजारचा चिंचवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मी तो माल तू सांगितलेल्या भावानं घेतला, आणि त्या दिवसापासून मोह मुठीनंच घेतला. पुढे मी मोठी झाले, गोदाम बांधलं, दोन गाड्या झाल्या. कोणी विचारलं की धंदा कुठं शिकलात, तर मी सांगते, भर बाजारात, एका बाईनं माझा हात धरून शिकवला.

मग प्रकल्प आला. समुद्रापलीकडच्या कुठल्या देशानं दिलेली मदत होती. मोहाची फुलं स्वच्छ वाळवली तर ती नुसती दारूची राहणार नाहीत, लाडू होतील, पाक होईल, शाळेतल्या पोरांच्या ताटात जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं खोटं नव्हतं. त्यासाठी तुमच्या गावात पारदर्शक कागदाच्या छताची वाळवणघरं बांधायची होती. गावानं बोलणी करायला मला पुढे केलं आणि मी काही सोडलं नाही. वाळवणघरं रस्त्याकडेला नकोत, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या वाटेवरच्या ट्रकांची लाल धूळ फुलांवर बसते. ती आत, वस्तीच्या मागे घ्यायला लावली. कागद फाटला तर कोण बदलणार ते लिहून घेतलं. ताडपत्र्या वाढवून घेतल्या. प्रकल्पाचे साहेब हात जोडून म्हणाले, "कमलाताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मला ते आवडलं होतं. आज तेच बोचतं. प्रत्येक वस्तूची घासाघीस केली मी, आणि जे सर्वांत मोलाचं होतं त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

उद्घाटनाचा दिवस तुला आठवत असेल. फुलं पडायला सुरुवात होऊन चारच दिवस झाले होते. साहेबांबरोबर हेलनबाई आल्या होत्या, त्या देशातल्या, अन्न टिकवण्याच्या शास्त्रातल्या. मंडप, सतरंजी, आणि ताज्या फुलांचा पाक द्रोणांतून प्रत्येक बाईपुढे. एकीनंही द्रोण उचलला नाही. सगळ्या हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"घ्या ना, लाजू नका," साहेब म्हणाले.

"आठ दिसानं या," तू म्हणालीस.

"आठ दिवसांनी? का?"

"पंडुम नाई झालं अजून."

तुमच्याकडे नव्या फुलाचा, नव्या फळाचा पहिला घास देवाला जातो. तो सण म्हणजे पंडुम. तो होईपर्यंत नवं कोणी तोंडात घालत नाही. गोळा करतील, वाळवतील, पण चाखणार नाहीत. जंगलाकडच्या पोरालाही हे ठाऊक असतं. साहेबांना नव्हतं, कारण त्यांनी कार्यक्रमाची तारीख नकाशा आणि हवामान बघून ठरवली होती, गावाला विचारून नाही.

"अहो बाई, पाहुण्यांचं विमान आहे परवाचं," ते म्हणाले.

"तुयं विमान देवाच्या आधी जेवते काय?"

पुन्हा हसू. साहेबांचे कान लाल झाले. संध्याकाळी गाडीत त्यांनी अहवाल लिहायला घेतला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. मराठी मसुद्यात वाक्य होतं, 'महिलांमध्ये उत्साहाचा अभाव दिसला.' मी म्हणाले, "साहेब, अभाव तुमच्या पंचांगात हाय." हेलनबाईंना तुटक हिंदी येत होती. त्यांनी मला विचारलं, म्हातारी काय म्हणाली? मी सांगितलं. त्यांनी मग साहेबांच्या हातातून कागद घेतला, मला ते वाक्य दाखवायला सांगितलं आणि त्यावर स्वतःच्या पेननं आडवी रेघ मारली. विमान पुढे ढकललं. पंडुम झाल्यावर एकट्याच आल्या, जमिनीवर तुझ्या शेजारी बसल्या आणि तू दिलेला द्रोण दोन्ही हातांनी घेतला. त्या दिवशी पाक पुरला नाही.

इथूनच आपला वाद सुरू झाला, जो संपला नाही. मी म्हणायची, या बाहेरच्यांना काय कळतं? कागद आणतात, कागद नेतात. तू म्हणायचीस, "तिले ते माहीत हाय जे मले नाई. माह्यापाशी हाय ते तिले नाई. भांडाचं का त्याच्यात?" मी म्हणायची, तू साधी आहेस. तू म्हणायचीस, "अन् तू लई शायनी. शायना कावळा घाणीवरच बसते, ते तुले मालूम हाय."

पहिल्या मोसमात वाळवणघरातली फुलं काळी पडली. चिकट झाली, आत शिरलं की दारूच्या भट्टीसारखा वास. साहेब म्हणाले, बायका दार नीट लावत नाहीत. तू आत गेलीस, हात फुलांत खुपसलास आणि बाहेर येऊन हेलनबाईंना म्हणालीस, मी हिंदीत सांगत होते, "फुलाले कोंडलं तुमी. पयल्या दिशी फूल घामेजते. त्याले बांबूच्या तट्ट्यावर मोकळं ठेवा, एकाले एक लागू नको देऊ, वारा लागू द्या. दुसऱ्या दिशी घाला तुमच्या घरात."

एक दिवस वारा, मग वाळवणघर. एवढाच बदल. फुलं सोन्यासारखी निघाली.

हेलनबाईंकडे ओलावा मोजायचं यंत्र होतं. त्यांनी ते आणि तुझी मूठ समोरासमोर लावली. यंत्र आकडा दाखवायच्या आधी तू हात उघडून 'नाई' म्हणायचीस किंवा 'झालं' म्हणायचीस, आणि दर वेळी आकडा तुझ्यामागून यायचा. एकदाच जमलं नाही. तू म्हणालीस झालं, यंत्र म्हणालं ओलं. साहेब पुढे सरसावले. हेलनबाईंनी यंत्र उलटं केलं, तर बॅटरी संपत आलेली. "भूक लागली असन बिचाऱ्याले," तू म्हणालीस, आणि तेव्हापासून गावात कोणाचं गणित चुकलं की म्हणतात, मशीनले भूक लागली.

पण त्या बाईनं तुला शिकवलं तेही मी इथं लिहिणार. नाहीतर तू वरून शिव्या देशील. पावसाळ्यात पोत्यातला चतकोर माल बुरशीनं जायचा आणि तुम्ही सगळे ते नशीब समजत होतात. हेलनबाई म्हणाल्या, फुलं ऊन ऊन भरू नका, गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरा, ड्रम जमिनीला टेकवू नका. मी नाक मुरडलं. तू मात्र एक ड्रम भरलास आणि शेजारी एक पोतं ठेवलंस, मुद्दाम, बघायला. पोळ्याला दोन्ही उघडलीस. पोत्यातलं फूल बोटाला चिकटलं. ड्रममधलं सुपात घातलं तर वाजलं. तू सूप माझ्या कानाशी आणलंस. "आयक. बाईचं खरं हाय." पन्नास वर्षं मोह वेचलेल्या बाईनं स्वतःची चूक सूप वाजवून सगळ्या गावाला ऐकवली. तज्ज्ञ म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मला तुम्ही दोघी आठवता. एकीनं आपलं वाक्य खोडलं, दुसरीनं आपलं पोतं उघडलं. बाकी सल्ला देणारे खूप पाहिले मी. त्यांच्या सल्ल्यानं बांधलेली शौचालयं आज गोवऱ्या ठेवायला वापरतात.

हेलनबाईंची मुदत संपली, त्या गेल्या. पुढचं पुस्तक शहरातल्या कार्यालयात तयार झालं. ते तयार होत असताना मी तुला म्हटलं होतं, तुझं नाव घालायला सांगते. तू झटकून टाकलंस. "नाव काऊन पायजे? मोहाच्या झाडाले पाटी लावतेत का कोनी?" मला उत्तर सुचलं नाही आणि मी गप्प बसले. आयुष्यात फार थोड्या वेळा गप्प बसले आहे मी. त्यातली ही एक.

पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. मुठीची चाचणी पान भरून, चार चित्रांत, आणि वर लिहिलेलं, 'तज्ज्ञ सल्लागारांनी विकसित केलेली सोपी पद्धत.' त्याच पानावर तुझा फोटो. मूठ पुढे करून हसते आहेस. त्याखाली, 'लाभार्थी महिला.' मी पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. पहिल्या दिवसाच्या वाऱ्याचं कुठं काही नव्हतं. मी कार्यालयात गेले, टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, "ताई, पहिला दिवस बाहेर वाळवा असं लिहिलं तर लोक विचारतील, मग वाळवणघर कशाला?" आणि नाव? "त्या सल्लागार म्हणून नेमलेल्या नव्हत्या ना. आमच्या यादीत त्या लाभार्थीच आहेत."

त्याच आठवड्यात तू मला पुस्तक दाखवलंस आणि विचारलंस. ओट्यावर उन्हाला बसली होतीस. माझ्या तोंडून निघालं, "लिहिलं हाय, जानोबाई, सल्लागार."

"सल्लागार म्हंजे?"

"जिचं आयकावं लागते ती."

तू बराच वेळ हसलीस. पुस्तक नव्या लुगड्याच्या घडीत ठेवलंस. मी परत येताना स्वतःला समजावलं की खोटं नाही बोलले, खरं तेच बोलले, फक्त ते छापलेलं नव्हतं.

मग त्या बायका आल्या, आफ्रिकेतल्या एका देशातून. त्यांच्याकडे अशीच मदत, अशीच वाळवणघरं, हेच पुस्तक त्यांच्या भाषेत. त्या आंबा वाळवत होत्या आणि आंबा आंबून जात होता. इथं चांगलं चाललंय म्हणून बघायला आणलेल्या. साहेबांनी तुला पुढे बसवलं, फोटोसाठी. त्यांच्यातल्या मोठ्या बाईनं विचारलं, आमचं काय चुकतं?

दुसरा कोणी असता तर लगेच सांगायला लागला असता. तू म्हणालीस, "मले तुमचा आंबा मालूम नाई." मग तूच विचारत गेलीस. फळ किती गोड? किती जाड कापता? वारा कुठून येते तुमच्या गावात, अन् कवा? त्या बाईनं पिशवीतून वाळलेल्या फोडींची पुडी काढली. तू एक फोड दाबलीस, हुंगलीस, आणि तुझ्या गोंडी वळणाच्या मराठीत बराच वेळ बोललीस. कोंडलेलं फळ बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं. पहिल्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर, सुटं ठेवून बघा, पण आधी थोड्यावरच करून बघा, कारण फळ तुमचं आहे आणि वाराही तुमचा.

साहेबांनी इंग्रजीत ते तीनच शब्दांत उरकलं.

मला इंग्रजी येत नाही, पण माल वजनात कमी भरला की मला कळतं. "साहेब," मी उभी राहिले, "बाई इतकी बोलली, अन् तुमचं इतक्यातच झालं? का सांगितलं तुमी?"

"सारांश सांगितला."

"सारांश नोको. वारा सांगा. वाऱ्याचं सांगितलं का?"

त्यांना सांगावं लागलं, सगळं, पहिल्यापासून. ती मोठी बाई वहीत लिहीत होती. लिहून झाल्यावर ती उठली, तुझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. पुढच्या हंगामात त्यांचा निरोप आला, हेलनबाईंमार्फत, माझ्या फोनवर: आंबा टिकला. मी तुला सांगायला गाडी काढून आले होते. तू म्हणालीस, "त्यायनं थोड्यावर करून पाह्यलं का आधी?" केलं होतं. "मंग बरं," म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. जानोबाई, मी पाठमोऱ्या तुझ्याकडे बघत उभी होते. राजुऱ्याच्या पलीकडे कधी न गेलेली बाई, आणि समुद्रापलीकडच्या गावात तिच्या सांगण्यावरून आंबा वाळत होता. माझ्या गोदामाचं उद्घाटन झालं त्या दिवशीही माझी छाती एवढी फुगली नव्हती.

तू गेल्यावर मी तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्या सुनेनं ते पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाली, "सासूनं ठेवाले सांगितलं होतं तुमच्यासाठी." मी ते पान उघडलं आणि माझा जीव गेला, कारण मला तेव्हा आठवलं की तुझी सून दहावी शिकलेली आहे.

"तू वाचून दाखवलं होतंस का त्यायले?" मी विचारलं.

"पयल्याच दिशी. तुमी यायच्या आधी."

"मंग?"

"म्हने, कमला का सांगते ते आयकतो. अन् तुमी गेल्यावर म्हने, तिले कधी सांगू नोको, शरमेल. तिनं दिला तो शब्द चांगला हाय, मी तोच ठेवतो."

म्हणजे तू मला मूठ दाबायला लावलीस आणि पुन्हा एकदा माझाच ओलावा बघितलास. आणि या वेळी बाजारासमोर उघडली नाहीस. एवढी वर्षं घासाघीस केली मी. तुझ्यासमोर एकदाही जिंकले नाही आणि आज पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण त्या पाटीचं उत्तर मला आता सापडलंय, आणि तू ऐकायला नाहीस याचा राग येतो. मोहाला पाटी नसते, बरोबर. पण तुझ्या गावात कोणतं झाड कोणत्या घराचं हे प्रत्येकाला माहीत असतं. दुसऱ्याच्या मोहाखाली पडलेलं फूल कोणी उचलत नाही, झाडाचा मालक परगावी असला तरी नाही. तुझ्या नावाचा दगड गाव उभा करणार आहे, त्यावरही अक्षर नसेल, आणि तरी कोणी विचारणार नाही की हा कोणाचा. पाटी लागत नाही ती इमानानं वागणाऱ्या गावाला. जिथं दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं वेचून आपल्या टोपलीत भरतात, तिथं लागते. हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं.

म्हणून साहेब, आता तुम्हाला. तुम्ही हे वाचाल, मी पोचवीन. ते पुस्तक आणखी कुठं कुठं चाललं आहे, हे तुम्हीच अभिमानानं सांगता. जिथं जिथं ते वाऱ्याशिवाय जाईल तिथं कोणाची तरी फुलं, कोणाचा तरी आंबा काळा पडेल, आणि तुम्ही लिहाल की बायका दार नीट लावत नाहीत. तो वारा पुस्तकातून कोणी काढला? जिनं शिकवलं तिला लाभार्थी कोणी लिहिलं? लाभ कोणाला झाला, सांगा ना.

पत्र नको, सारांश नको. पंडुम झाल्यावर या, आणि तो कधी आहे ते या वेळी गावाला विचारून या. दुरुस्त केलेलं पुस्तक हातात घेऊन, जानोबाईच्या मोहाखाली, तिच्या सुनेसमोर उभे राहा आणि मोठ्यानं वाचा. माझ्या खोट्याचं उत्तर द्यायला मी आधीच तिथं उभी असेन. तुमच्या खोट्याचं तुम्ही द्या.